भुऱ्या, मांजरी आणि मेथीचा वाफा

गेल्या वर्षीच्या श्रावणात, लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येण्यास तीन आठवडे उरले असताना, आमचा भुऱ्या मेथीच्या वाफ्यात तोंड खुपसून काहीतरी मन लावून खात असल्याचे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसले. कुत्र्याला पालेभाजीची गोडी लागली, याचे मला क्षणभर कौतुकच वाटले. जवळ गेल्यावर वासावरूनच उलगडा झाला. तो मेथी खात नव्हता. मांजरीने वाफ्यात पुरून ठेवलेली विष्ठा उकरून तो खात होता, आणि मला येताना पाहून त्याने उरलेला घास घाईघाईने गिळून टाकला. पाच मिनिटांनी तोच भुऱ्या नेहमीच्या प्रेमाने माझा हात चाटायला आला.

आम्ही परभणीत राहतो. घरामागे अर्ध्या गुंठ्याचीही नसेल अशी परसबाग आहे. तिच्यात लिंबाची दोन झाडे, कढीपत्ता, शेवगा, तुळशीवृंदावन आणि मेथी, पालक, कोथिंबिरीचे चार वाफे आहेत. भुऱ्या गावठी असून अडीच वर्षांचा आणि १८ किलो वजनाचा आहे. सकाळ-संध्याकाळ दुधात किंवा ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी आणि रविवारी घरात शिजेल त्यातला वाटा, असा त्याचा तोवरचा आहार होता. परसात दोन मांजरी येत असत. त्यांपैकी एक शेजारच्या आजींच्या दुधावर वाढलेली होती, तर दुसरी कोणाचीच नव्हती.

हा प्रकार किळसवाणा आहे एवढ्यापुरतेच असते, तर मी कदाचित दुर्लक्ष केले असते. परंतु लेकीच्या डॉक्टरांनी तिला पहिल्याच तपासणीत मांजरीच्या विष्ठेपासून दूर राहण्यास बजावले होते. या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो, आणि त्याचा संसर्ग गरोदरपणात प्रथमच झाला तर तो गर्भापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. त्यात आमच्याकडे कोवळी मेथी वाफ्यातून उपटून, जेमतेम धुऊन, भाकरी आणि ठेच्याबरोबर कच्चीच खाण्याची पद्धत आहे, आणि लेकीला नेमके त्याचेच डोहाळे लागले होते. म्हणजे कुत्र्याचे तोंड हा प्रश्नाचा अर्धाच भाग होता, पण हे समजायला मला महिना लागला. तोवर मी सगळा राग भुऱ्यावर काढला.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे शिकवलेले असल्यामुळे आवाज चढवला की निम्मे काम होते, अशी माझी समजूत होती. मी खिडकीतून ओरडत असे, प्रसंगी चप्पल उगारून धावत असे. परिणाम इतकाच झाला की भुऱ्या आधी चावून खायचा, तो आता न चावता गिळू लागला, आणि मी मागच्या दाराची कडी काढल्याचा आवाज होताच वाफ्याकडे पळू लागला. माझे धावणे म्हणजे घास हिसकावला जाण्याची सूचना, असे गणित त्याने मांडले होते आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच होते. शेवटी मी त्याला दिवसभर बांधून ठेवले. शेजारच्या आजी कुंपणावरून म्हणाल्या, "कामून बांधून घातलंय वो बाई लेकराला? रातभर राखण करतंय ते." मी कारण सांगितल्यावर त्या हसल्या आणि, "मांजर काय माय, जाईल तिथं जाईल, तिला कोण सांगावं?" असे म्हणून घरात गेल्या.

त्यानंतरच्या पंधरवड्यात ज्याला त्याला विचारून जे जे केले, त्याचा उल्लेख करताना मला आजही संकोच वाटतो. कोणी सांगितले म्हणून वाफ्याच्या कडेने लाल तिखट भुरभुरले. मांजर ते ओलांडून गेली आणि भुऱ्या मात्र नाक-डोळे पायांनी चोळत तासभर विव्हळत राहिला. कोणी सांगितले म्हणून दारासमोर ठेवतात तशा लाल पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या. त्या बाटल्या कुत्र्यांना दूर ठेवण्यासाठी असतात आणि मला तर मांजरींना दूर ठेवायचे होते, पण त्या दिवसांत तर्क सुचत नव्हता. भुऱ्याने दोन बाटल्या आडव्या करून त्यांची झाकणे चघळली. चुलीची राख टाकली, तर मांजरींना ती मऊ भुकटी इतकी पसंत पडली की दुसऱ्या दिवशी त्याच राखेत दोन ठिकाणी उकरलेले आढळले. मी फिनाईल शिंपडले आणि डांबरगोळ्याही आणून ठेवल्या होत्या. त्या टाकण्याआधी पशुवैद्यकांची भेट झाली, हे नशीबच म्हणायचे. फिनाईलमधील द्रव्ये मांजरींना विषारी असतात, ती पंजाला लागून चाटली जातात, आणि डांबरगोळी कुत्र्याने गिळली तर त्याच्या जिवावर बेतू शकते, हे मला त्यांच्याकडून कळले. शिवाय ज्या परजीवीच्या भीतीने मी हे सारे करत होते, त्याची अंडीसदृश बीजे अशा घरगुती जंतुनाशकांना दाद देत नाहीत. त्यांना कडकडीत गरम पाणीच लागते. भाजीच्या वाफ्यात ते ओतणार कसे?

एका दुकानातून मी एक पावडरही आणली होती. ती कुत्र्याच्या खाण्यात मिसळली की विष्ठेची चव बिघडते आणि कुत्रा ती खाणे सोडतो, असे मला सांगण्यात आले होते. डबा अर्धा संपल्यावर माझ्या लक्षात आले की पावडर भुऱ्याला दिली जात होती आणि विष्ठा मांजरीची होती. चव बिघडवायची तर ती मांजरींना चारायला हवी होती. विकणाऱ्याने हे विचारले नाही आणि मलाही ते सुचले नाही. पुढे वाचनात आले की अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१८ मध्ये कुत्र्यांनी कुत्र्यांचीच विष्ठा खाण्याविषयी पाहणी प्रसिद्ध केली होती. सुमारे १६ टक्के कुत्री ती वारंवार खाताना आढळली होती, आणि ही सवय मोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पावडरी-गोळ्यांचे यश मालकांच्या सांगण्यानुसार ० ते २ टक्क्यांच्या पुढे गेले नव्हते. म्हणजे ज्या कामासाठी ती पावडर बनवली होती, त्या कामातही तिची मजल एवढीच होती.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याचा फायदा असा की जनावरांच्या दुखण्यासाठी आम्हाला दूर जावे लागत नाही. भुऱ्याच्या विष्ठेचा ताजा नमुना घेऊन मी तेथील चिकित्सालयात गेले. तपासणीत अंकुशकृमींची अंडी सापडली. वजनानुसार जंताच्या गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायला सांगितल्या आणि ही सवय सुटेपर्यंत व त्यानंतरही दर तीन महिन्यांनी त्या चुकवू नयेत असे बजावले. तेथील तरुण डॉक्टरांनी मला जे समजावून दिले, त्यामुळे भुऱ्यावरचा माझा राग बराच निवळला. मांजर ही पूर्णपणे मांसाहारावर जगणारी असल्यामुळे तिच्या विष्ठेत प्रथिनांचा आणि चरबीचा वास उरतो, आणि कुत्र्याच्या नाकाला तो अन्नाचाच वास असतो. कुत्री आपल्या पिलांची विष्ठा चाटून जागा स्वच्छ ठेवते, त्यामुळे या जातीला मुळातच त्याची घृणा नसते. आहारात काही कमी पडते म्हणूनच कुत्रा असे करतो असे नाही, पण कधीकधी जंत, पचनाचा आजार किंवा भूक वाढवणारी औषधे ही कारणे असतात, म्हणून ती आधी तपासावीत. "बाई, याला तुम्ही नुसती भाकरीच देता का हो?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी खाली पाहिले. त्या दिवसापासून रोज एक उकडलेले अंडे आणि अधूनमधून मीठ-मसाल्याविना शिजवलेले चिकन सुरू झाले. त्याची फासळी झाकली गेली आणि अंगावर तकाकी आली. मांजरीच्या विष्ठेची आवड मात्र तसूभरही कमी झाली नाही, हे नमूद केले पाहिजे.

त्याच भेटीत मी आणखी एक प्रश्न विचारला होता आणि खरे वळण त्या उत्तराने मिळाले. मी विचारले की परसात एवढी मोकळी जमीन असताना मांजरी नेमक्या वाफ्यातच का जातात. डॉक्टरांनी उलट विचारले, "वाफ्यातली माती कशी आहे?"

घरी येऊन मी परसातल्या मातीकडे पहिल्यांदाच मांजरीच्या नजरेने पाहिले. आमची जमीन काळीभोर आहे. पाऊस लागून राहिला की ती चपलेला किलोकिलोने चिकटते, आणि आठ दिवसांची उघडीप मिळाली की दगडासारखी आवळून भेगाळते. अशा मातीत मांजरीला खड्डा करता येत नाही आणि विष्ठा झाकताही येत नाही. पूर्वी या मांजरी पलीकडच्या बांधकामावरच्या वाळूच्या ढिगावर जात असत. जूनमध्ये ते काम संपले आणि उरलेली वाळू उचलली गेली. त्याच महिन्यात मी मोठ्या हौसेने वाफे उंच करून त्यांत वाळू, कोकोपीट आणि गांडूळखत मिसळले होते, कारण आमच्या मातीत कोथिंबीर नीट उगवत नाही. साऱ्या गल्लीत भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी, पंजाने सहज उकरता येणारी जमीन होती ती फक्त माझ्या चार वाफ्यांत. मांजरींना ती जागा मीच तयार करून दिली होती आणि वर कुत्र्याला चप्पल दाखवत होते.

खात्री करण्यासाठी मी चार दिवस पहाटे साडेपाचला चहाचा कप घेऊन मागच्या ओट्यावर बसले आणि वहीत टिपणे केली. दोन्ही मांजरी पश्चिमेच्या भिंतीवरून येत, शेवग्याच्या बुंध्याशी उतरत, सरळ मेथीच्या किंवा नुकत्याच पेरलेल्या मोकळ्या वाफ्याकडे जात आणि सहा-सव्वासहापर्यंत त्याच वाटेने परतत. भुऱ्याला मी साडेसहाला सोडत असे. म्हणजे त्याच्यासाठी रोज ताजे पान वाढलेले असे.

आता कामाची दिशा बदलली. वाफे मांजरींना नकोसे करायचे आणि त्यांना त्यापेक्षा बरी जागा द्यायची, या दोन गोष्टी एकाच आठवड्यात होणे आवश्यक होते. नुसते वाफे बंद केले असते तर त्या तुळशीवृंदावनाकडे किंवा कुंड्यांकडे वळल्या असत्या. वाफ्यांवर मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती इंचभर छिद्रांची जाळी जमिनीसरशी अंथरून कडा विटांनी दाबल्या. मेथी आणि कोथिंबीर त्या छिद्रांतून सुखाने वर आली. कापणी करताना मात्र हात अडखळतो, हा तिचा तोटा आहे. लिंबाच्या आळ्यांत शहाबादी फरशीचे तुकडे बसवले, त्यामुळे ओल धरून राहू लागली, आणि हा फायदा मी योजलेला नव्हता. मोकळ्या वाफ्यात शेतातून आणलेल्या बोरीच्या काट्या पसरल्या. शेतकरी कुंपणाला ज्या काट्या लावतो, त्या मांजरीलाही समजतात. फक्त आठ दिवसांनी त्यांपैकी एक माझ्याच पायात मोडली आणि मी त्या काढून तिथेही जाळीच घातली.

मांजरींची नवी जागा त्यांच्याच वाटेवर, शेवग्याखाली भिंतीला लागून केली. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि फूटभर खोल खड्डा खणला, तळाशी विटांचे तुकडे टाकले आणि वर चौदा घमेली चाळलेली वाळू भरली. तीन बाजूंनी चार फूट उंचीची जाळी लावली. भिंतीवरून येणारी मांजर थेट आत उतरू शकते आणि भुऱ्याला जमिनीवरून आत जाता येत नाही, हे त्या रचनेचे मर्म आहे. पहिले तीन दिवस वाळूकडे कोणी फिरकले नाही. मग हातमोजे घालून वाफ्यातली थोडी विष्ठा मी त्या वाळूत एका कोपऱ्यात पुरली, जेणेकरून वासाने त्यांना जागा ओळखीची वाटावी. चौथ्या पहाटे आजींची मांजर उतरली, दोन ठिकाणी हुंगले, उकरले आणि बसली. शाळेत एखाद्या अडलेल्या मुलाला भागाकार यावा तसे मला झाले. बिनमालकाच्या मांजरीला आणखी दहा दिवस लागले.

खड्डा रोज साफ करणे हा या व्यवस्थेचा गाभा आहे, आणि तो चुकवून चालत नाही. टोक्सोप्लाझ्माची बीजे विष्ठेतून बाहेर पडताच संसर्ग करण्याजोगी नसतात. त्यांना त्यासाठी एक ते पाच दिवस लागतात. विष्ठा रोजच्या रोज उचलली तर तो धोका मुळातच खुडला जातो, आणि मातीत राहिली तर ही बीजे ओलाव्यात कित्येक महिने टिकतात. सकाळी सव्वासहाला हातमोजे घालून मी जुन्या खुरप्याने आणि मोठ्या छिद्रांच्या चाळणीने वाळू साफ करते, सापडेल ते कागदात गुंडाळून पिशवीत बांधते आणि ती पिशवी घंटागाडीत देते. खतखड्ड्यात ते टाकत नाही, कारण ते खत शेवटी भाजीलाच जाणार. खुरपे आणि चाळणी या कामाला वेगळ्या ठेवल्या आहेत. लेक आल्यावर तिला या कोपऱ्याकडे फिरकू दिले नाही आणि कच्ची मेथी बंद केली. तिने दोन दिवस अबोला धरला, मग मेथीच्या वरणफळांवर समेट झाला.

तरीही भुऱ्याचा प्रश्न संपला नव्हता. मांजर कधीतरी कुंडीत जातेच, आणि फिरायला नेल्यावर रस्ता काही माझ्या ताब्यात नसतो. डॉक्टरांनी सुचवले म्हणून तोंडाला जाळीचे मुसके आणले. मळणीच्या वेळी बैलांना बांधतात त्याच कल्पनेचे, पण कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता याव्यात आणि पाणी पिता यावे एवढे ऐसपैस. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो, त्यामुळे आमच्या उकाड्यात तोंड आवळून धरणारे कापडी मुसके घातक ठरू शकते. या मुसक्याचा अनुभव मी एका वाक्यात सांगते: भुऱ्याने ते मऊ विष्ठेवर दाबून धरले, ती जाळीतून आत आली, आणि पुढचा अर्धा तास मी नळाखाली मुसके आणि कुत्रा आलटून पालटून धूत होते.

कायमचा उपयोग झाला तो 'सोड' या एका शब्दाचा. तो शिकवण्याची सुरुवात विष्ठेपासून नव्हे, तर घरात भाकरीच्या तुकड्यापासून केली. बंद मुठीत तुकडा धरायचा, भुऱ्याने हुंगून, चाटून, पंजा मारून कंटाळावे, आणि त्याने नाक मागे घेतले की त्याच क्षणी दुसऱ्या हातातून उकडलेल्या कलेजीचा लहानसा तुकडा द्यायचा. मुठीतला तुकडा त्याला कधीच द्यायचा नाही. तीन दिवसांनी 'सोड' हा शब्द जोडला. मग तुकडा जमिनीवर, पायाखाली, नंतर उघड्यावर ठेवला. त्यानंतर परसात, छातीपट्ट्याला बैलाचा जुना कासरा बांधून. कासरा वीस फुटांचा असल्यामुळे तो मोकळा आहे असे त्याला वाटे आणि दोर माझ्या हातात राही. त्याने वाफ्याकडे नाक वळवले की मी शांतपणे 'सोड' म्हणे आणि तो वळून माझ्याकडे आला की कलेजी मिळे. शांतपणे म्हणणे मला त्याच्यापेक्षा जास्त जड गेले. दोनदा माझा शाळेतला आवाज निसटला आणि दोन्ही वेळा त्याने झडप घालून गिळले. रोज दहा मिनिटे सकाळी आणि दहा संध्याकाळी, याहून अधिक घेतले की त्याचे लक्ष उडते. वहीतल्या नोंदींनुसार पहिल्या आठवड्यात तो नऊ वेळा फसला, दिवाळीच्या आठवड्यात एकदा. हे एकदा म्हणजे पाहुण्यांच्या गर्दीत मी खड्डा साफ करायला विसरले, कोणीतरी मुलाने जाळीचे दार उघडे टाकले आणि भुऱ्याने आपली दिवाळी साजरी केली, तो दिवस.

आजींशीही बोलणे झाले. त्यांच्या मांजरीला जंताचे औषध द्यायचे ठरले आणि ते मीच आणून दिले. ती मांजर उंदीर मारते, म्हणून त्यांना ती हवी आहे, आणि खरे सांगायचे तर आमच्या ज्वारीच्या कणग्यांनाही ती हवीच आहे. "तुमच्या वाळूनं तिला चांगलं वळण लागलं," असे त्या आता येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात, त्यावर मी काही बोलत नाही.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी लेक बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बाळ घरात आल्यावर भुऱ्याला खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच येऊ देतो आणि तो बाहेरून आला की तोंड ओल्या फडक्याने पुसतो. एवढी शिस्त दोघांच्याही अंगवळणी पडली आहे.

एक नवी अडचण मात्र उभी राहिली आहे. भुऱ्या आता सकाळी परसात सुटला की शेवग्याखालच्या जाळीशी जातो, नाक लावतो, स्वतःहून मागे फिरतो आणि माझ्यासमोर येऊन बसतो. मी कलेजी देते. मग तो लिंबाकडे जातो, जिथे फरशीखाली काहीही नसते, तिथेही तसेच नाक लावतो, वळतो आणि येऊन बसतो. गेल्या रविवारी त्याने तुळशीवृंदावनापाशी, कढीपत्त्यापाशी आणि माझ्या चपलेपाशी मिळून चार वेळा असा संयम दाखवला. चौथ्या वेळी काय करावे हे मला कळेना, म्हणून मी अर्धाच तुकडा दिला.